आक्काचा करडा

"बसला," खिडकीशी धरलेला कागद किंचित कलता करत तात्या म्हणाले. "आता कुठं रंग जागेवर बसला."

कापणीच्या टेबलाशी त्यांची सून पासपोर्टच्या फोटोंच्या पट्ट्या कापत होती. तिने मान वर करून कागदाकडे पाहिले, "हं" एवढेच म्हटले आणि पुन्हा पात्याकडे लक्ष वळवले. तात्यांना तेवढे पुरेसे होते. सून मुळातच मितभाषी. मुलगा बाहेरगावी नोकरीला गेल्यापासून दुकान तिनेच सांभाळले होते, आणि सासऱ्याचा काळापांढरा विभाग त्यात आदराने वेगळा ठेवला होता.

तात्यांच्या डाव्या हातात नुकताच छापलेला फोटो होता आणि उजव्या हातात एक जुना. जुन्यात माणूस नव्हता. एक दगडी जिना होता, आणि त्याच्या पायऱ्यांवर स्वच्छ पांढऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत उजेडाच्या सगळ्या अवस्था क्रमाने उतरल्या होत्या. पूर्वी तात्यांची स्वतःची अंधारी खोली होती. तिथे रसायनांच्या तबकांत त्यांनी तो जिना उमलवला होता आणि वाहत्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घातला होता. त्याला ते 'पंच' म्हणत. यंत्रातून निघालेला प्रत्येक काळापांढरा फोटो या पंचापुढे उभा राही, आणि दोघांच्या रंगात अंतर दिसेनासे होईपर्यंत तात्या त्याला दुकानाबाहेर जाऊ देत नसत.

कारण यंत्राचा भरवसा नव्हता. ते रंगीत छपाईचे यंत्र. त्याच्या पोटात करडा रंग नावाची वस्तूच नव्हती. काळी शाई होती, पण नुसत्या काळ्या शाईने चेहरा छापला तर गालावरची कोवळी सावली ठिपक्यांची होई, कुणी मूठभर वाळू फेकून मारल्यासारखी. ती सावली मऊ हवी तर निळा, गुलाबी आणि पिवळा या तिघांना एकत्र आणून असे बसवावे लागे की प्रत्येकाने दुसऱ्याचा रंग पुसावा आणि शेवटी कुणाचाच उरू नये. एकाने केसभर पुढे सरकावे, की आजोबांच्या मिशा हिरव्या आणि आजीचे कपाळ जांभळे. पुन्हा खिडकीशी जे खरे ते दिव्याखाली खोटे ठरे. आणि यंत्रातून निघालेल्या ओल्या कागदाची साक्ष तर पहिल्या दिवशी अखेरची मानायचीच नाही. शाई मुरून रंग स्थिरावला, की दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा विचारायचे. या सगळ्यातून जो करडा तरून निघे, त्याला तात्या तटस्थ म्हणत. तीरावर उभा राहून प्रवाह पाहणारा, स्वतः कोणत्याही प्रवाहात न उतरलेला.

या वेळचा फोटो आक्काचा होता.

आक्का ही तात्यांची थोरली बहीण. तिची फुप्फुसे थकली होती. डॉक्टरांनी तिला घरी पाठवताना तिच्या मुलाला, तात्यांच्या भाच्याला, बाजूला घेऊन जे सांगितले, ते तिने त्याच्या चेहऱ्यावरूनच वाचले होते. तात्या भेटायला गेले तेव्हा तिने प्रकृतीबद्दल चकार शब्द काढला नाही. समोरच्या भिंतीवर दोघांच्या आईचा फोटो होता. तात्यांनी नवीन यंत्र शिकताना केलेला तो पहिलावहिला फोटो. आक्काने त्याच्याकडे बोट केले.

"ती बघ. शेवाळ धरल्यासारखी दिसते बिचारी. रोज सकाळी डोळे उघडले की आधी ही हिरवी आई."

तात्या ओशाळले. तेव्हा हात बसला नव्हता, असे काहीसे पुटपुटले.

"माझा करशील तो नीट कर," ती म्हणाली. "आणि तुझ्या हातचाच हवा. मी आहे तोवर कर. मला बघायचाय." मग खोकल्याची उबळ ओसरू देऊन पुढे म्हणाली, "जन्मभर लोकांनी काळी म्हणून ऐकवलं, ते अंगवळणी पडलं रे. आता म्हातारपणी भिंतीवर टांगून नवा रंग नको."

दोघेही हसले.

त्या दोघांत देणेघेणे होते ते असे. संसार अर्ध्यावर मोडून आक्का माहेरी आली आणि शिवणाचे यंत्र घेऊन बसली, तेव्हा धाकट्याला फोटोंचे वेड लागले होते. घरात जागा म्हणावी तर आक्काच्या वाट्याची मागची खोली तेवढी. ती तिने काही न बोलता रिकामी केली आणि आपलीच पांघरुणे खिडकीला ठोकून त्याला अंधार करून दिला. कागदावर प्रकाश किती वेळ टाकायचा हे मोजायला त्याच्यापाशी घड्याळ नव्हते. आक्का दाराबाहेर शिवत बसे आणि मोठ्याने आकडे मोजी. पायाखालचे यंत्र आणि तोंडचे आकडे एका लयीत चालत. पुढे चांगली घड्याळे आली, पण तात्यांचे जे फोटो निर्दोष मानले गेले ते तिच्या मोजणीवर झालेले होते. असेच एकदा काम संपल्यावर तो कॅमेरा घेऊन बाहेर आला, आणि दारात बसलेल्या आक्काने उन्हाकडे डोळे बारीक करून, सुई तशीच ओठांत धरून त्याच्याकडे पाहिले. तोच हा फोटो. त्याची निगेटिव्ह शाबूत होती. अंधारी खोली राहिली नव्हती, त्या जातीचा कागद मिळेनासा झाला होता. उरले होते ते रंगीत शायांचे यंत्र आणि तात्यांचे डोळे.

आक्काच्या फोटोची शाई मुरायला ठेवून तात्या जाड पुठ्ठा शोधू लागले. सून एव्हाना बँकेत गेली होती. पुठ्ठे नेहमीच्या जागी नव्हते म्हणून त्यांनी कापणीच्या टेबलाखालचा, एरवी तिच्याच हाताखाली असणारा खण ओढला. पुठ्ठे होते. पुठ्ठ्यांखाली फोटो होते.

सगळ्यात वर निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याखाली एकाच दुपट्यात गुंडाळलेली जुळी मुले. मग तो तालमीतला वस्ताद. त्याच्या खांद्यावरचा उजेड साधता साधता तात्यांचे दोन दिवस गेले होते. सगळे काळेपांढरे. सगळ्यांना खालचा समास वरच्यापेक्षा थोडा अधिक, ही तात्यांची सवय, त्यांची न केलेली सही. यांतला प्रत्येक फोटो आपापल्या घरी केव्हाच पोहोचला आहे, अशा समजुतीत ते होते. त्यांनी ते एकेक करून टेबलावर मांडले आणि खुर्चीत बसून राहिले.

सून परत आली तेव्हा टेबल भरलेले होते. किल्ल्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने त्या हातातच धरल्या.

"हे गिऱ्हाइकांना दिलेच नाहीत?" तात्यांनी विचारले.

"दिले, तात्या. दुसरे काढून दिले."

"का?"

तिने टेबलावरच्या फोटोंकडे पाहिले. "निळे येत होते."

तात्यांनी वस्ताद उचलला, उलटासुलटा केला, खिडकीकडे धरला. त्यांना तो करडाच दिसत होता. शुद्ध करडा.

मग सुनेने सांगितले, तुटक तुटक, किल्ल्यांशी चाळा करत. वर्षभर चालले होते. आधी डोळ्यांत भरण्याइतके नव्हते; तिला वाटले आपलीच नजर चुकते आहे, कारण तात्या पंचाशी लावून तासन्‌तास पाहत आणि मगच हो म्हणत. मग एक बाई फोटो परत घेऊन आल्या. आमचे हे थंडीने गारठल्यासारखे दिसतात, म्हणाल्या. त्यानंतर तात्या जेवायला घरी गेले की ती तोच फोटो रंग सुधारून पुन्हा छापी आणि तो नवाच गिऱ्हाइकाच्या हाती जाई.

"मला सांगायचं नाही?"

"कसं सांगायचं, तात्या?" ती म्हणाली. "तुम्ही फोटो झाला की पंचाला नमस्कार करता."

राग आला असता तर सोपे गेले असते. राग माणसाला उभे तरी करतो. त्यांनी कोपऱ्यात वाळत ठेवलेला आक्काचा फोटो उचलून तिच्यापुढे धरला. सुनेने तो खिडकीशी नेला, दिव्याखाली नेला, पुन्हा खिडकीशी आणला. तिला शक्य तेवढी पळवाट ती शोधत होती हे तात्यांना कळत होते.

"निळा आहे," ती शेवटी म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणाले. डोळ्यातली भिंगेच पिकून पिवळी पडली आहेत. एकेक करून काढू. "पिवळी काच लावून जग बघताय तुम्ही. सावकाश पिवळी होत गेली, म्हणून कळलं नाही." तात्यांना मात्र तेवढ्यावरून सगळे कळले. पंचाचा करडा अस्सल चांदीचा, एकजिनसी. पिवळ्या काचेतूनही तो आपले करडेपण सोडत नसे. यंत्राचा करडा म्हणजे तीन शायांचा समझोता. त्यांच्या डोळ्यांतली काच त्यातल्या एकीची, पिवळीची, बाजू घेत होती, म्हणून तो त्यांना मातकट दिसे, आणि मातकटपणा जावा म्हणून ते वर्षभर माणसांच्या चेहऱ्यांत निळे ओतत राहिले होते. पंच खोटे बोलला नव्हता. त्याचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

आधी शस्त्रक्रिया, मग फोटो, असा क्रम लावता आला असता. पण डोळा निवायला काही आठवडे लागणार होते, आणि आक्काच्या बाबतीत भाचा आता आठवड्यांची भाषा बोलत नव्हता.

"तू काढ," तात्या सुनेला म्हणाले.

फोटो दोघांनी मिळून केला. गडद-फिके तात्यांनी सांगितले. तेवढी जाण डोळ्यांना अजून होती. पापणीखाली जरा उजेड सोड, दाराचा अंधार आणखी खोल जाऊ दे, ओठांतली सुई हरवू देऊ नकोस. रंगाचा निवाडा सर्वस्वी तिचा. तयार झालेला फोटो तात्यांना चहा सांडलेल्या कागदासारखा तपकिरी दिसला. शेजारच्या चष्मेवाल्याला त्यांनी बोलावून दाखवला. तो म्हणाला, एकदम स्वच्छ आहे, तात्या, तुमच्या पूर्वीच्या फोटोंसारखा. 'पूर्वीच्या' हा शब्द तो सहज बोलून गेला.

तात्यांनी मनाशी ठरवले की आक्काला हाच द्यायचा आणि आपल्या हातचा म्हणून सांगायचे. तिने उभा जन्म आपल्यासाठी अंधार धरला. तिच्यासाठी एक खोटे आपल्याला बोलता यावे. निघताना सुनेने पाकिटात दोन्ही फोटो घातले. कशाला, असे त्यांनी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

दुपारचा उजेड आक्काच्या खोलीत सरळ येत होता. उशांना टेकवून तिला बसते केले होते. ती इतकी हलकी झाली होती की उशीला खळगासुद्धा पडला नव्हता. तात्यांनी सुनेचा फोटो तिच्या हातात दिला. आक्काने तो नाकाजवळ नेला, दूर धरला.

"तू केलास?"

"मीच."

"दुसऱ्यांदा विचारू?"

तात्या खिडकीबाहेर बघू लागले. आक्काला हसू आले, हसण्यातून खोकला आला, भाचा पाणी घेऊन धावला. दम परत आल्यावर ती सुनेकडे वळली.

"सूनबाई, छान झालाय गं. वाईट वाटून घेऊ नकोस. पण यात मी पिवळी दिसते. मीच माझी आजारी बहीण असावी तशी." मग तिने पाकिटाकडे पाहिले. "तो दुसरा कुठला?"

"तो बिघडलाय, आक्का."

"बिघडलेलीच मागतेय ना बघायला. आण."

तिने दुसरा फोटो हातात घेतला. तिचा अंगठा कागदाच्या कडेवरून खालच्या रुंद समासापर्यंत गेला आणि तिथे थांबला. तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हते, दुःखही नव्हते. ओळखीचे माणूस दारात आल्यावर आपण जसे नुसते बाजूला सरून वाट देतो, तसे काहीतरी होते.

"ही मी," ती म्हणाली.

"आक्का, तो निळा आहे," तात्यांना राहवेना. "सगळ्यांना निळा दिसतो. माझे डोळे पिकलेत, डॉक्टरांनी सांगितलं. तुझेही तसेच पिकलेत, म्हणून तुला कळत नाही."

"मला यात एक रेघ निळी दिसत नाही."

"तेच म्हणतोय मी."

"मग झालं तर. बघायचा मला होता, धाकट्या. गावाला कशाला विचारत बसू?"

सून खिडकीपाशी स्वतःचा फोटो हातात घेऊन उभी होती. तिने तो हलकेच पाकिटात परत घातला.

भाच्याने त्याच दिवशी खिळा ठोकला. हिरव्या आईशेजारी आक्का आली. त्यानंतर तात्या दर एक-दोन दिवसांनी जात. आक्काचे बोलणे कमी कमी होत गेले. ती भिंतीकडे पाहत पडलेली असे, आणि तात्या शेजारी बसून तिच्याबरोबर तिकडेच पाहत. उन्हाकडे डोळे बारीक करून ती तरुण बाई दोघांकडे पाही. तिचा करडा असा निवळलेला होता की तात्यांना वाटे, एवढा नितळ फोटो आपल्या हातून यापूर्वी झाला नाही. आणि लगेच दुसरे आठवे, की असे वाटणारी माणसे या जगात दोनच आहेत.

मग एका सकाळी एकच उरले.

माणसे येऊन बसली. समोरच्या भिंतीवर ज्याची त्याची नजर जाई, क्षणभर अडे आणि खाली येई. कुणीतरी हळूच शेजारच्याला विचारलेले तात्यांच्या कानांवर आले: फोटो असा निळसर का? काही दिवसांनी भाचा चाचरत म्हणाला, "मामा, वहिनींनी केलेला आहे ना, तो लावू या का? येणारा-जाणारा विचारतो. आईला आवडला होता हे खरंय, पण..."

"माझा डोळा होऊ दे," तात्या म्हणाले. "मग मीच सांगतो."

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती नर्सच्या हातातली चादर. असले पांढरे त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. करडा समजून वापरलेला स्वतःचा सदरा फिकट निळा निघाला. दुकानात येऊन त्यांनी तो खण स्वतःच ओढला. हेडमास्तर, जुळी, वस्ताद, सगळे पाण्यातून काढल्यासारखे निळे होते. एवढे निळे, की सुनेने वर्षभर तोंड कसे मिटून ठेवले याचेच त्यांना नवल वाटले. "बरीच दगदग केलीस," ते तिला म्हणाले. तिने पाते उचलून धरलेले होते. ते बराच वेळ खाली आले नाही.

त्याच दिवशी ते आक्काच्या खोलीत गेले. खाट काढून टाकलेली होती. भिंतीवर कुणी निळी बाई होती, थंडीत उघड्यावर बसवलेली, अनोळखी. बराच वेळ तिच्याकडे पाहून झाल्यावर त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्या डोळ्यापुढे खोली पिवळसर, धुरकट झाली. भिंत मळली, खिडकीतला उजेड शिळा झाला. आणि त्या सगळ्या मळकेपणात आक्का तेवढी स्वच्छ, करडी, सुई ओठांत धरून दारात बसलेली.

"काढू का, मामा?" भाच्याने विचारले.

"काढ. वहिनीचा लाव. येणाऱ्या माणसांना ती ओळखू आली पाहिजे."

काढलेला फोटो त्यांनी घरी नेला आणि आपल्या खोलीत टांगला. दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी एकदा सर्दीचे निमित्त करून पुढे ढकलली, एकदा कामाचे. तिसऱ्यांदा सुनेने त्यांच्या वतीने डॉक्टरांना होकार कळवला, आणि त्यांनी तिला अडवले नाही. एक डोळा पिवळा आणि एक पांढरा घेऊन माणसाला जिना धड उतरता येत नाही, हे त्यांनाही पटले होते.

ठरल्या दिवशी गाडी दाराशी आली. सून पिशवीत कागद, औषधाची बाटली, पाण्याची बाटली घालून ओसरीवर उभी राहिली आणि तिने हाक मारली. आतून "आलो" असा आवाज आला, पण तात्या आले नाहीत. तिने दारातून डोकावून पाहिले. पायांत चपला घालून, जायला तयार होऊन, ते फोटोसमोर उभे होते. उजवा तळहात उजव्या डोळ्यावर अलगद ठेवलेला होता.

ती मागे सरली. चालकाने विचारल्यासारखी मान हलवली, तेव्हा तिने हातानेच त्याला गाडी बंद करायला सांगितले, आणि पिशवी मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली.